ऐंशी ओलांडलेला पियानोवादक: आपण वाजवणं ऐकतो की वयाला टाळ्या देतो?

प्रतापनगरकर (धागाकर्ता)

ज्यांनी कुणी वयोवृद्ध कलावंताला समोर बसून ऐकलंय, त्यांना एक विचारायचं आहे. वादक ऐंशीच्या पुढे गेला की आपण त्याचं वाजवणं ऐकतो, की त्याच्या वयाला आणि नावाला टाळ्या देतो?

वाद घरातच झाला. मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलला जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा कार्यक्रम होता. टेकडीच्या उतारावरचं उघडं थिएटर, सतरा हजारांवर माणूस बसतो. जावई म्हणाले, "बाबा, चढण आहे, दमाल." म्हटलं, जो वाजवणार आहे त्याचा जन्म १९४० चा, आणि मी नुसता बसून दमणार होय? गेलोच.

माझे कान हिंदुस्थानी गाण्यावर वाढलेले. जॅझकडे उशिरा वळलो, तेही रात्री हेडफोन लावून. इथे सुरुवातीला बराच वेळ चाल अशी सुरूच होईना. कीबोर्डमधून अनोळखी आवाज, मग एखाद्या ओळखीच्या धुनेचा तुकडा, तो पकडावा तोवर गायब. मग माझी नजर हातांवरून चेहऱ्यावर गेली. गिटारवर लायोनेल लुएके होता, पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचा. तो वाजवता वाजवता जिभेने टकटक ताल धरतो. तो रंगात आला तसे हॅनकॉकने हात पट्ट्यांवरून काढून मांडीवर ठेवले. मान कलती करून ऐकत बसला. चांगला वेळ. आणि मग दोनच स्वर ठेवले. लुएकेने चटकन वर पाहिलं आणि त्याची पुढची ओळ भलतीकडेच वळली.

रेकॉर्डवर ते दोन स्वर मला ऐकू आले असते. त्याआधीचं थांबणं हा त्याने घेतलेला निर्णय होता, हे कळलं नसतं.

शेवटी गळ्यात कीबोर्ड अडकवून तो मंचाच्या पुढे आला, सगळे उभे राहिले. परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, लोक नावाला उभे राहिले. पंचविशीतल्या कुणी हेच वाजवलं असतं तर अर्धे लोक पार्किंगकडे निघाले असते."

मला हे अजिबात मान्य नाही. पण का मान्य नाही, ते तिला नीट सांगता यावं म्हणून हा धागा. जॅझचाच अनुभव हवा असं नाही.


मिहानवाला_निखिल

काका, भारी! एक माहिती: हॅनकॉक ग्रिनेल कॉलेजात आधी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेला होता. आमच्या इलेक्ट्रिकलच्या बॅचला प्लेसमेंटच्या दिवशी हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुमच्या मुलीचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. नाव काढून टाकलं तर काय उरतं, हे कुणीतरी तपासायला पाहिजे.


काळी_पांढरी_पट्टी

मी पियानो शिकवते, म्हणून हातांबद्दल लिहिते.

वयाबरोबर पहिल्यांदा जातो तो सलग वेग. मग लांबचा पल्ला: एका हातात दहा पट्ट्यांचं अंतर पकडणं जड होतं. स्पर्श मात्र शेवटपर्यंत राहतो. पट्टी किती वेगाने खाली जाते, यावरच हातोडी तारेवर किती जोराने पडणार ते ठरतं. एकदा हातोडी सुटली की तुमच्या हातात काही नाही. म्हणजे सगळं कौशल्य त्या सेंटिमीटरभर प्रवासात. ते साठ-सत्तर वर्षं केलेला माणूस एकाच सुरावटीतले चार स्वर चार वेगवेगळ्या वजनांनी सोडू शकतो. दंडात जोर नसला तरी चालतं.

पण "म्हातारे कमी वाजवतात आणि म्हणून ते खोल असतं" हे ऐकलं की मी अस्वस्थ होते. अहमद जमाल घ्या. शिकागोच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये १९५८ साली त्याच्या त्रिकुटाचं थेट मुद्रण झालं. ती रेकॉर्ड अमेरिकेतल्या खपाच्या यादीत सुमारे दोन वर्षं होती. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा. त्यात मोकळ्या जागा किती! ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस आपल्या पियानोवादकाला सांगायचा, जमालसारखं वाजव. हाच जमाल २०२३ मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी गेला आणि शेवटच्या वर्षांतही त्याचं थांबणं तसंच होतं. तेव्हा मोकळी जागा ही म्हातारपणाची सोय नाही. ज्याला ती तरुणपणी दिसते त्यालाच ती पुढेही दिसते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पियानोचं तिकीट काढताना प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूला बसा. पियानोचं झाकण प्रेक्षकांकडे उघडतं, वादक आपल्या डाव्या हाताला येतो. उजवीकडे बसाल तर चेहरा दिसेल, हात दिसणार नाहीत.


राजेहो_भाऊ

काकाजी, लय मस्त लिवलं. येक सांगा बाप्पा, त्या पियानोवाल्याच्या समोर कागद राह्यते का नाई? का सारंच मनानं वाजवते?


काळी_पांढरी_पट्टी

@राजेहो_भाऊ, कागद असलाच तर त्यावर चाल आणि वर स्वरसमूहांची (कॉर्डची) नावं, इतकंच. बाकी जागेवर. आणि हॅनकॉकसारख्यांना तोही लागत नाही.


स्पष्टवक्ता_सक्करदरा

वेगळं मत मांडतो.

मुंबईला एका फार मोठ्या वादकाच्या कार्यक्रमाला मुद्दाम गेलो होतो. नाव लिहिणार नाही, त्यांच्याबद्दल अपार आदर आहे आणि तो राहणार. त्या रात्री वाजवलं ते शिष्यांनी. गुरुजींनी मध्ये मध्ये एखादी जागा घेतली, ती अर्धवट राहिली, शिष्याने पूर्ण केली. शेजारच्या बाई रडत होत्या. लोक बाहेर पडताना "काय अनुभव!" म्हणत होते. मला वाईट वाटत होतं, त्या माणसासाठी वाटत होतं. त्यांना घरी नेऊन बसवायचं सोडून आपण मंचावर बसवलं होतं, आपल्याला "मी त्यांना ऐकलंय" असं म्हणता यावं म्हणून.

हॅनकॉक पंचविशीत माइल्स डेव्हिसच्या पंचकात होता. १९६३ ते ६८. ती मुद्रणं आज घरबसल्या मिळतात. तो काळ ज्यात हात, डोकं, सोबती सगळं ऐन भरात होतं. ते न ऐकता ऐंशीनंतरचा कार्यक्रम ऐकायला हजारो मैल जाणं, याला मी संगीताचं प्रेम म्हणणार नाही. दर्शन म्हणेन. दर्शनात गैर काही नाही. पण मग त्याला दर्शनच म्हणा.


अजनी_जंक्शन

दर्शनालाही रांग लागतेच की, सक्करदराभाऊ. या रांगेत निदान गाणं ऐकायला मिळतं.


निषाद_कोमल

स्पष्टवक्ता, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून निघालेला नियम मला मान्य नाही. मल्लिकार्जुन मन्सूर. जन्म १९१०, गेले १९९२. त्यांची शेवटच्या दहा-बारा वर्षांतली मुद्रणं काढून ऐका. एकाला दुसरा राग जोडून घेताना त्यांना जी घाई व्हायची ती तरुण माणसाची घाई आहे. आवाज थकला असेल. विचार एका ठिकाणी थांबत नाही.

प्रतापनगरकर, चाल सापडेना म्हणालात त्याबद्दल. आपल्याकडच्या श्रोत्यांना मी असं सांगतो. जॅझच्या पुष्कळ जुन्या धुना बत्तीस बारांच्या असतात. एका बारात चार मात्रा. आठ बारांची एक ओळ, तीच पुन्हा, मग आठ बारांचा वेगळा मधला भाग, मग पहिली ओळ परत. हे झालं एक आवर्तन. सुरुवातीला सगळे मिळून धून मांडतात, मग एकेक जण त्या आवर्तनावर विस्तार करतो, शेवटी पुन्हा धून. बासवाल्याला ऐकत राहा, आवर्तन कुठे आहे ते तो सांगतो. मधला भाग आला की स्वरांचा रंग बदलतो. तो ओळखता आला की तुम्ही हरवत नाही.


तबला_तीनताल

निषाद, आवर्तन ठीक. पण "आपल्यासारखंच आहे" असं ऐकणाऱ्याला वाटलं तर त्याची पंचाईत होईल. आपल्याकडे रागाचे स्वर ठरले की तासभर तेच घर. जॅझमध्ये दर एका-दोन बारांना खालचा स्वरसमूह बदलतो, म्हणजे आत्ता जो स्वर गोड होता तो पुढच्या क्षणी खुपू लागतो. वादक पळत्या जमिनीवर उभा असतो. शिवाय पियानोला मींड नाही. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर हवा असेल तर शेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून त्याचा भास करतात.

आपल्या कानांना जवळचं काही हवं तर माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. त्यात स्वरसमूह फार भराभर बदलत नाहीत, एकेका स्वरसप्तकात बराच वेळ मुक्काम असतो. पियानोवर मुख्यतः बिल एव्हान्स.

आता मूळ प्रश्न. हॅनकॉक स्वतः एक गोष्ट सांगतो. साठच्या दशकात श्टुटगार्टला माइल्सबरोबर वाजवत होता. रात्र रंगली होती आणि ऐन माइल्सच्या विस्तारात त्याच्याकडून एक साफ चुकीचा स्वरसमूह वाजला. त्याने कान झाकून घेतले. माइल्स क्षणभर थांबला आणि असे स्वर वाजवले की तो स्वरसमूह बरोबर ठरला. माइल्सने ती चूक म्हणून ऐकलीच नव्हती, एक घडलेली गोष्ट म्हणून ऐकली होती.

मी साथीला बसतो तेव्हा सगळ्यात जास्त भीती याचीच असते, समोरचा भलतं काही करेल तेव्हा मी कुठे असेन. विशीत मी दुसऱ्याचं ऐकतच नव्हतो, माझा पुढचा कायदा (तबल्यावरची बांधलेली रचना) कुठे बसवायचा याच विचारात असायचो. ऐकणं वयाने येतं. सगळ्यांना नाही, पण ज्यांना येतं त्यांना वयानेच येतं. काकांनी जे पाहिलं, हात मांडीवर ठेवून बसणं, ते विशीतल्या हातांना जमत नाही. ते हात स्वस्थ बसत नाहीत.


इंदोरा_दहानंबर

या धाग्यात एक गोष्ट कुणी लिहिली नाही, आणि नागपूरच्या माणसांनी ती लिहिलीच पाहिजे.

हर्बी हॅनकॉक १९७२ पासून बौद्ध आहे. जपानमधल्या निचिरेन परंपरेचा. 'नाम म्योहो रेंगे क्यो' हा जप ते करतात, आणि त्यातलं 'म्योहो रेंगे क्यो' हे नाव आहे सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाचं. तो याकडे वळला तोही वाजवता वाजवता. त्याचा बासवादक बस्टर विल्यम्स एका रात्री असा काही वाजवून गेला की कार्यक्रमानंतर हॅनकॉकने त्याला विचारलं, हे तुझ्यात कुठून आलं? उत्तर मिळालं: या जपातून. वेन शॉर्टर, त्याचा आयुष्यभराचा सॅक्सोफोनवादक मित्र, तोही पुढे याच वाटेवर आला.

आमच्या घरी हे कळलं तेव्हा वडील हसले नाहीत, गंभीर झाले. त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी लहानपणी आजोबांच्या खांद्यावरून पाहिलेली. म्हणाले, त्यांचाही रस्ता तोच तर. ज्यांचे पूर्वज लिलावात विकले गेले त्यांनी हे संगीत उभं केलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्यांच्या आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नातल्या साम्याबद्दल. तुम्ही सगळे जॅझ रागाशी जोडून बघताय, जरूर बघा. मी तो चौदा एप्रिलच्या रात्रभर चालणाऱ्या भीमगीतांशी जोडून बघतो. वामनदादा कर्डकांची ओळ घ्यायची, समोर बसलेल्या वस्तीकडे बघून पुढचं जागेवर बांधायचं, ढोलकीने ते उचलायचं. तिथेही सत्तरीचा गायक मागे बसत नाही. त्याच्याकडे माइक जातो तेव्हा पोरं गप्प होतात, कारण त्याला काय सांगायचं आहे ते त्यांना अजून माहीत नसतं.

स्पष्टवक्ता, दर्शन म्हणालात. आमच्याकडे दर्शन नाही, ऐकणं आहे.


प्रतापनगरकर

इंदोराभाऊ, कितीदा तरी वाचली तुमची पोस्ट. कार्यक्रमात तो वाजवण्याइतकाच बोलतही होता. आपण सगळे एक कुटुंब आहोत, एकमेकांची काळजी घ्यायला हवी, असं काहीबाही. तेव्हा मला ते मंचावरचं गोड बोलणं वाटलं. आता त्याचा पत्ता लागला.


राजेहो_भाऊ

कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार बी जपानच्या मदतीनं झालं ना? तिथं बसून कोनी पियानो वाजवन त मी पायी येतो.


सीताबर्डी_जुनी

जॅझ आणि नागपूर म्हटल्यावर मला राहवत नाही. सी. रामचंद्र, म्हणजे राम चितळकर, इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. वसंतराव देशपांडे त्यांचे गुरुबंधू. एक पुढे नाट्यसंगीताकडे आणि ठुमरीकडे गेला, दुसऱ्याने १९४७ च्या 'शहनाई'त "आना मेरी जान" आणि १९५१ च्या 'अलबेला'त "शोला जो भडके" दिलं. त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकलेट, गोव्याचे ट्रंपेटवादक. 'अलबेला'त ते आणि त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतात. माझ्या आईला ही गाणी तोंडपाठ होती आणि ती जॅझ आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबईच्या ताजमध्ये तीसच्या दशकात टेडी वेदरफर्ड नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक वाजवायचा, तो १९४५ साली कलकत्त्यात वारला. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये आला, ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये. पुढे १९७८ पासून 'जॅझ यात्रा' हा महोत्सव, पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स. हॅनकॉक स्वतः २००९ मध्ये भारतात येऊन गेला आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भारतभेटीला ५० वर्षं झाली त्या निमित्ताने. नागपूर मात्र या सगळ्यांच्या वाटेवर कधीच नव्हतं. विमानं आपल्या डोक्यावरून गेली.


अजनी_जंक्शन

देशाच्या मधोमध आहोत म्हणून सगळ्यांना सारखेच लांब.


मिहानवाला_निखिल

समजा कुणी ठरवलंच. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह मिळालं. पियानो कुठला? डिजिटल चालेल ना?


काळी_पांढरी_पट्टी

नाही चालणार. म्हणजे वाजेल, पण ज्या स्पर्शाबद्दल मी वर लिहिलं तो अर्धा जाईल.

मैफिलीचा ग्रँड पियानो नऊ फुटांचा असतो, वजन पाचशे किलोंच्या आसपास. ८८ पट्ट्या, दोनशेवर तारा, सगळ्यांचा मिळून ताण वीसेक टनांचा. तो ताण मुख्यतः आतली लोखंडी चौकट सोसते, पण सूर हलतो तो तारांखालच्या लाकडी पाटाच्या फुगण्या-आकसण्याने. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, हवेत ओलावा राहत नाही, लाकूड आकसतं आणि पियानो उतरतो. जुलैत लाकूड फुगतं, सूर चढतो. मी ज्या उभ्या पियानोवर शिकले तो सदरमधल्या एका घरात होता, त्याच्या खालच्या भागात पाण्याचं भांडं ठेवायचे उन्हाळ्यात. नागपुरात पियानो ठेवायचा तर वर्षभर एकसारख्या हवेची खोली आणि नियमित येणारा सूर लावणारा, हे दोन खर्च तिकिटाच्या पैशातून कधीच निघत नाहीत. कुणा संस्थेने ते आपलं काम मानलं तरच.

बरा पियानो नसताना काय होतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे कीथ जॅरेटचा कोलोनचा कार्यक्रम, २४ जानेवारी १९७५. आयोजक होती वेरा ब्रांडेस, अठरा वर्षांची पोर. ऑपेरा हाउसमध्ये मंचावर आला तो भलताच लहान पियानो, वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या वाजणाऱ्या, पेडल बिघडलेलं. तो नाहीच म्हणत होता. तिने गळ घातली. मग रात्री उशिरा बसला आणि वरचे स्वर टाळून मधल्या भागात, डाव्या हाताने तेच तेच आवर्तन घुमवत एकट्याने वाजवलं. त्या मुद्रणाच्या लाखो प्रती खपल्या.

आणि तोच जॅरेट. २०१८ मध्ये त्याला दोन झटके आले, डावा हात गेला, तो मंचावर परतला नाही. ऑस्कर पीटरसनला १९९३ मध्ये झटका आला, त्याचाही डावा हात कमजोर झाला, तो दोनेक वर्षांनी परतला आणि पुढे अनेक वर्षं मुख्यतः उजव्या हाताच्या जोरावर वाजवत राहिला. म्हणून स्पष्टवक्तांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. शरीर आहे. मंचावर कधी जायचं आणि कधी नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तुम्ही पाहिलेल्या गुरुजींना ते ठरवू दिलं गेलं का, एवढाच प्रश्न मला पडतो.


धरमपेठ_पूर्व

अमेरिकेपर्यंत कशाला? लुई बँक्स आपल्याच देशात आहेत. जन्म १९४१, दार्जिलिंग. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर वाजवायचे, तिथून आर. डी. बर्मन यांनी मुंबईला आणलं. 'मिले सुर मेरा तुम्हारा'च्या संगीत संयोजनात त्यांचा हात आहे, म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाने त्यांना ऐकलेलं आहे. मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होत असतात. रात्रीची दुरंतो पकडली की सकाळी मुंबई. ज्यांना प्रत्यक्ष ऐकायचंय त्यांनी वेळापत्रकावर लक्ष ठेवा आणि ठरवा, "पुढच्या वर्षी" म्हणू नका.


स्पष्टवक्ता_सक्करदरा

सगळ्यांचं वाचलं. तबलावाल्यांची "ऐकणं वयाने येतं" ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पण वर निखिल म्हणाला ते अजून कुणीच केलेलं नाही. नाव काढून टाका, मग काय उरतं? काकांच्या मुलीचा प्रश्न तोच आहे. तुम्ही सगळे जे लिहिताय त्यात तुम्हाला वादकाचं वय आधीच माहीत आहे. मन्सूर म्हटलं की कान आपोआप झुकतो.

मी म्हणतो, प्रयोग करा. नावं झाकून मुद्रणं लावा. कोणता ऐंशीचा आणि कोणता पंचविशीचा, ओळखून दाखवा. आणि त्याहून महत्त्वाचं, कोणतं पुन्हा ऐकावंसं वाटलं ते लिहा.


मिहानवाला_निखिल

१९६५ चं आणि २०२० चं शेजारी लावलं तर मुद्रणाच्या दर्जावरूनच कळेल. अट अशी ठेवू: सगळी मुद्रणं २००८ नंतरची. काही म्हाताऱ्यांची, काही तरुणांची. म्हणजे फक्त वाजवणं उरेल.


काळी_पांढरी_पट्टी

हे मला फार आवडलं. म्हाताऱ्यांत हँक जोन्स, तो १९१८ चा आणि २०१० मध्ये जाईपर्यंत वाजवत होता. अहमद जमालचं २०१७ चं. केनी बॅरन, १९४३ चा. तरुणांत जोई अलेक्झांडर, बालीत २००३ साली जन्मला, आठव्या वर्षी त्याने जकार्ताला हॅनकॉकसमोर वाजवलं होतं. त्याचं पहिलं मुद्रण आलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आणखी दोघं-तिघं मी सांगणार नाही. सगळे एकल किंवा त्रिकुटात, म्हणजे पियानो झाकला जाणार नाही. क्रम आणि यादी माझ्याकडे.


तबला_तीनताल

एक भर. दर मुद्रणानंतर वय ओळखायच्या आधी हे लिहायचं: पियानोवाल्याने सोबत्याचं काही उचललं का, आणि कुठे. माझा दावा त्यावर उभा आहे. अकरा वर्षांच्या पोराने उचललेलं आढळलं तर मला आनंदच होईल.


प्रतापनगरकर

मुलीला ही कल्पना सांगितली. तिथून व्हिडिओवर बसणार म्हणते, तिच्या वेळेप्रमाणे शनिवारची रात्र होईल. आपल्याकडे रविवारी सकाळी दहा ठेवू. आमचा हॉल मोठा आहे, वीसेक जण बसतील. इंदोराभाऊ, वडिलांना जरूर आणा, जिना नाही, तळमजला आहे. वह्या आणि पेनं मी ठेवतो. नाश्त्याला पोहे.


राजेहो_भाऊ

तर्री राह्यली पायजे.


इंदोरा_दहानंबर

वडील येणार म्हणतात. ते म्हणाले, मला वादकांची नावं शेवटीही सांगू नका, मी आधी माझं लिहून देतो.


स्पष्टवक्ता_सक्करदरा

मी येतो. बास फुगवणारे स्पीकर लावू नका, त्यात पियानोचा डावा हात बुडतो. माझ्याकडे जुने दोन चांगले आहेत, ते शनिवारी संध्याकाळी आणून जोडून देतो.